किट लेन्सनंतर काय? थोड्या खर्चात लेन्स आणि जोडसाहित्य

पहिला डीएसएलआर कॅमेरा किट लेन्ससह (कॅमेऱ्याबरोबरच येणारी १८-५५ मिमी लेन्स) घेतल्यावर वर्षभरात बहुतेक हौशी छायाचित्रकारांना एकच प्रश्न पडतो: आता पुढची लेन्स कोणती घ्यावी? माझ्याकडे कोणी असे विचारायला आले, तर उत्तर देण्याआधी मी एक काम सांगतो. आजवर काढलेल्या फोटोंपैकी मनासारखे न उतरलेले फोटो संगणकावर उघडावेत आणि प्रत्येक फाइलच्या माहितीत कॅमेऱ्याने नोंदवून ठेवलेली फोकल लेंथ (मिमीतला आकडा; तो जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते), ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ/चा आकडा जितका लहान, तितके ते मोठे), शटरचा वेग आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) पाहावा. घरातले, संध्याकाळचे, मांडवातले फोटो हलले असतील किंवा त्यांत दाणे दिसत असतील, तर अडचण प्रकाशाची आहे. बहुसंख्य फोटो झूमच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे ५५ मिमीवर काढलेले असतील, तर अडचण अंतराची आहे. आणि फुले, किडे, दागिने यांचे फोटो कापून मोठे करावे लागत असतील, तर अडचण जवळ जाता न येण्याची आहे. या तीन अडचणींवरचे स्वस्त उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. दुकानदार मात्र तिघांनाही बहुधा एकच मोठी झूम लेन्स दाखवतो.

त्याआधी किट लेन्सची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण १८-५५ मिमी लेन्सला नावे ठेवण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. कॅननची १८-५५ आयएस एसटीएम लेन्स (एसटीएम म्हणजे फोकसची स्टेपिंग मोटर) सेन्सरपासून २५ सेंमी अंतरावर फोकस करते आणि साधारण ६ सेंमी रुंदीची वस्तू पूर्ण फ्रेममध्ये बसवते. तिच्यात हाताची थरथर शोषणारी स्थिरीकरणाची सोयही आहे. दिवसाच्या उजेडात एफ/८ वर काढलेला तिचा फोटो आणि तिच्या पाचपट किमतीच्या लेन्सचा फोटो वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढ्या प्रिंटवर ओळखून दाखवणे भल्याभल्यांना जमणार नाही. तिचा खरा उणेपणा प्रकाशात आहे. झूम पूर्ण लांबवल्यावर तिचे ॲपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही.

हा उणेपणा भरून काढणारी आणि पैशांचा पुरेपूर मोबदला देणारी लेन्स म्हणजे ५० मिमी एफ/१.८. एफ/५.६ आणि एफ/१.८ या आकड्यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, परंतु आत येणारा प्रकाश या आकड्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे एफ/१.८ ला सेन्सरवर जवळजवळ साडेनऊपट प्रकाश पडतो. म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागला असता, तिथे त्याच शटरवेगावर आयएसओ ६४०-८०० पुरतो. स्थिरीकरणाने हा फरक भरून निघत नाही. स्थिरीकरण आपल्या हाताची हालचाल थोपवते, समोर नाचणाऱ्या मुलाची नाही.

कॅननने ही लेन्स १९८७ मध्ये प्रथम आणली, १९९० मध्ये प्लास्टिकच्या माउंटची (लेन्स कॅमेऱ्यावर बसवायच्या कडीची) दुसरी आवृत्ती काढली आणि २०१५ मध्ये एसटीएम आवृत्ती आणली. जुन्या बाजारात दुसरी आवृत्ती अजून पुष्कळ फिरते आणि तिचे चित्र वाईट नाही. परंतु तिचे फोकस आवाज करत सरकते, ॲपर्चरला पाचच पाती असल्यामुळे पार्श्वभूमीतले दिवे पंचकोनी दिसतात, आणि ती ४५ सेंमीच्या आत फोकस करत नाही. एसटीएम आवृत्तीत माउंट धातूचा आहे, पाती ७ आहेत आणि ती ३५ सेंमीपर्यंत जवळ जाते. दोहोंच्या किमतींत थोडकाच फरक असेल, तर जुनी घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. प्राथमिक डीएसएलआरचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान असतो. कॅननमध्ये हा फरक १.६ पट, तर निकॉन आणि सोनीमध्ये १.५ पट धरतात. त्यामुळे कॅननच्या अशा बॉडीवर ५० मिमी लेन्सची दृष्टी ८० मिमी लेन्सएवढी अरुंद होते. अर्धाकृती व्यक्तिचित्राला ती उत्तम. पण दहा बाय बाराच्या खोलीत चौघांना एका फ्रेममध्ये घ्यायचे, तर पाठ भिंतीला टेकल्यावरही कोणाचा तरी खांदा कापला जातो. ज्यांचे बहुतांश फोटो घरातले आहेत, त्यांनी किट लेन्स ३५ मिमीवर ठेवून झूमला हात न लावता एक संध्याकाळ फोटो काढून पाहावेत, मग तसेच ५० मिमीवर. या प्रयोगाला पैसे पडत नाहीत आणि उत्तर मात्र नेमके मिळते.

निकॉनवाल्यांचे या बाबतीत नशीब चांगले आहे. २००९ मध्ये आलेली त्यांची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ जी ही लेन्स लहान सेन्सरसाठीच घडवलेली आहे, वजनाला सुमारे २०० ग्रॅम आहे आणि ५०-५२ मिमीची स्वाभाविक दृष्टी देते. माझ्याकडे निकॉन असता, तर दुसरी लेन्स म्हणून मी तिच्यापलीकडे पाहिलेच नसते. कॅननने डीएसएलआरसाठी तिच्या तोडीची स्वस्त लेन्स काढली नाही. २४ मिमी एफ/२.८ एसटीएम ही भाकरीसारखी चपटी, १२५ ग्रॅमची लेन्स खोलीत सोयीची आहे, कॅमेऱ्याची पिशवी तिच्यामुळे निम्मी होते आणि रस्त्यावर कोणी बिचकत नाही. पण किट लेन्स २४ मिमीला एफ/४ च्या आसपास उघडतेच, म्हणून प्रकाशाची कमाई जेमतेम दुप्पट. ही लेन्स आकारासाठी घ्यावी, अंधारासाठी नाही.

एफ/१.८ हाती आले की सगळे फोटो त्याच ॲपर्चरला काढायचा मोह होतो, तो थोडा आवरावा लागतो. जवळून घेतलेल्या चेहऱ्यात एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर झाला, तर दोष लेन्सचा नसतो. एफ/२.८ वर ही लेन्स किती तरी अधिक रेखीव होते, आणि तेव्हाही किट लेन्सच्या चौपट प्रकाश घेते.

लेन्स स्वस्त मिळाली, पण आपल्या बॉडीवर चालली नाही, तर तिच्याएवढे महागडे काही नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हातानेच करावे लागते. अशा बॉडीसाठी नावात एएफ-एस असलेली लेन्सच घ्यावी. एएफ-पी ही त्यापुढची जात आणखी फसवी आहे, कारण डी ३२०० सारख्या जुन्या बॉडींवर तिचे फोकस चालतच नाही. कॅननमध्ये मोटर लेन्समध्येच असते, म्हणून ही भानगड नाही. तिथे एवढेच लक्षात ठेवायचे की ईएफ लेन्स लहान सेन्सरच्या बॉडीवर चालते, पण ईएफ-एस लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या बॉडीवर बसत नाही.

२०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांचे नवे माउंट आणले. तेव्हापासून व्यावसायिक छायाचित्रकार आपल्या कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एफ या डीएसएलआर माउंटच्या लेन्स मोठ्या संख्येने विकायला काढत आहेत, आणि आपल्यासारख्या हौशी माणसाला हा काळ सुगीचा आहे. उद्या आपण स्वतः मिररलेसकडे वळलो, तरी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर फोकससह व्यवस्थित चालतात. निकॉनच्या अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात, मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सचे फोकस मात्र पुन्हा हातानेच. जुन्या माउंटमध्ये पैसे अडकतील ही भीती म्हणून मला अवास्तव वाटते.

अंतराच्या अडचणीबद्दल थोडक्यात सांगतो. कॅननच्या लहान सेन्सरच्या बॉडीसाठी ५५-२५० मिमी आयएस एसटीएम ही लेन्स आहे. २५० मिमीला तिची दृष्टी ४०० मिमीएवढी होते, वजन ३७५ ग्रॅम आहे, आणि तिच्या किमतीत याहून सरस असे मी काही पाहिलेले नाही. तिच्याशेजारी मांडलेली ७५-३०० मिमी लेन्स आकड्याने मोठी आणि किमतीने कमी असल्यामुळे अनेकांना भुलवते, पण तिच्यात स्थिरीकरण नाही. ३०० मिमीला हातात धरून सेकंदाच्या ४८०व्या भागापेक्षा मंद शटरवर स्पष्ट फोटो येणे कठीण, आणि शेवटच्या टोकाला तिचे चित्रही मऊ पडते. भिगवणच्या जलाशयात नावेतून रोहित पक्षी टिपायला २५० मिमी पुष्कळदा पुरतात, कारण नाव जवळ जाते. झाडाच्या शेंड्यावरच्या लहान पक्ष्याला ते पुरत नाहीत आणि ३०० सुद्धा पुरत नाहीत. वर्षातून एकदा ताडोबाला जाणाऱ्याने १५०-६०० मिमीसारखी लेन्स विकत घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईत ती दिवसाच्या भाड्याने मिळते, तशी न्यावी.

कमी खर्चात सर्वांत जास्त आनंद कुठे मिळतो असे कोणी विचारले, तर मी तिसऱ्या अडचणीकडे, म्हणजे जवळून काढायच्या फोटोंकडे बोट दाखवीन. पावसाळ्यात कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसाला यासाठी लांब जावे लागत नाही. अंगणातल्या तेरड्यावरचा नाकतोडा पुरे असतो. खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठे चित्र घेणारी लेन्स, महाग असते, पण तिचे काम दोन मार्गांनी साधता येते. पहिला मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. या नुसत्या पोकळ नळ्या असतात, आत काच नसते. त्या लेन्सला सेन्सरपासून दूर नेतात, म्हणून लेन्स अधिक जवळ फोकस करते. नळीची लांबी भागिले फोकल लेंथ एवढे वर्धन (सेन्सरवरचे चित्र वस्तूच्या किती पट, तो आकडा) वाढते, हा त्यांचा सोपा हिशेब. ५० मिमी लेन्समागे ३१ मिमीची नळी लावली, तर मूळच्या ०.२१ पटीत ०.६२ ची भर पडते आणि पावणेतीन सेंमी रुंदीची वस्तू पूर्ण फ्रेम व्यापते. अगदी स्वस्त नळ्यांत विद्युत संपर्क नसतात आणि त्यांवर कॅननच्या लेन्सचे ॲपर्चर बदलताच येत नाही. मॅक्रोमध्ये एफ/८ किंवा एफ/११ शिवाय निभाव लागत नसल्यामुळे थोडे जास्त देऊन संपर्क असलेल्या नळ्याच घ्याव्यात.

दुसरा मार्ग लेन्सपुढे लावायच्या भिंगाचा. दुकानात मिळणारा एक, दोन, चार, दहा अशा नंबरांचा स्वस्त संच मी सुचवणार नाही, कारण एकेरी काचेमुळे चित्राच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते. रेनॉक्स डीसीआर-२५० हे अनेक काचांचे भिंग मात्र त्याच्या किमतीला जागते. त्याची ताकद ८ डायॉप्टर आहे आणि ते चिमट्याने ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या कोणत्याही लेन्सवर बसते. ५५-२५० लेन्स २५० मिमीवर नेऊन तिच्यापुढे ते लावले, तर दुप्पट वर्धन मिळते, म्हणजे ११ मिमी रुंदीच्या जागेने फ्रेम भरते. मुंगीचे डोळे दिसू लागतात. झूम १०० मिमीवर आणले की वर्धन ०.८ पट होते आणि फुलपाखराचे डोके-पंख मावतात. वस्तूपासूनचे अंतर मात्र १२ सेंमीच्या आसपास ठरूनच जाते, म्हणून फोकसची कडी फिरवत बसण्याऐवजी कॅमेरा हळूहळू पुढेमागे नेणे हीच इथली रीत. कासच्या पठारावर सीतेची आसवे टिपायला हे भिंग खिशात असले, तर वेगळी लेन्स नेण्याची गरज नाही. फुले तुडवून आडवे होण्याचीही नाही, कारण कडेच्या वाटेवरूनही ती हाताशी येतात.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सचे वेड अलीकडे पुष्कळ जणांना लागले आहे. एम ४२ या आट्यांच्या माउंटची हेलिओस ४४-२ सारखी सोव्हिएत लेन्स कॅननवर साध्या कडीने बसते, हाताने फोकस करायची तयारी असेल तर मजा देते. निकॉनवर तसे होत नाही. निकॉनचे माउंट सेन्सरपासून ४६.५ मिमीवर आहे, एम ४२ साठी ते अंतर सुमारे ४५.५ मिमी हवे, आणि त्या एका मिलिमीटरमुळे दूरचे फोकस जुळत नाही. मिररलेस बॉडीवर मात्र हव्या त्या जुन्या लेन्स चालतात.

जोडसाहित्यात माझे पहिले मत हूडच्या (लेन्सच्या तोंडाशी लावायच्या झापडीच्या) बाजूने आणि यूव्ही फिल्टरच्या विरोधात आहे. कॅनन स्वस्त लेन्सबरोबर हूड देत नाही, आणि दुकानदार लेन्सबरोबर यूव्ही फिल्टर मात्र हटकून गळ्यात मारतो. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. त्यामुळे या फिल्टरचा उपयोग उरतो तो केवळ काचेच्या रक्षणापुरता. समुद्रावर खारे तुषार उडत असताना किंवा विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळला जात असताना तो लावावा, एरवी काढून ठेवावा, कारण हलक्या फिल्टरमुळे दिव्याच्या उलट्या प्रतिमा फोटोत उतरतात. हूड तिरका प्रकाश अडवतो, रंग गडद ठेवतो आणि लेन्स पडलीच तर पहिला मार आपल्यावर घेतो. अन्य कंपनीचा हूड काही शे रुपयांत मिळतो. आपल्या लेन्सचा हूड-क्रमांक पाहून घ्यावा, एवढेच.

फिल्टरवर पैसे घालायचेच असतील, तर ते पोलरायझरवर घालावेत. संगणकावर ज्याची नक्कल होत नाही, असा हा फिल्टर आहे. पावसात भिजलेल्या पानांवर आणि कातळावर आभाळाची पांढरी चमक असते. पोलरायझर फिरवून ती उतरवली की सह्याद्रीचा जो हिरवा रंग डोळ्यांना दिसतो, तो फोटोत येतो. तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो, त्यामुळे धबधब्याचे पाणी थोडे रेशमी करायलाही त्याची मदत होते. आपल्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि इतर लेन्ससाठी स्टेप-अप कड्या घ्याव्यात.

ट्रायपॉडबद्दल माझे मत थोडे टोकाचे आहे. हजारभर रुपयांचा, मोबाइलबरोबरही विकला जाणारा काटकुळा ट्रायपॉड घेण्यापेक्षा काहीच न घेतलेले बरे, कारण वाऱ्याच्या झुळुकीसरशी तो हलतो आणि त्यावर कॅमेरा ठेवताना जीव टांगणीला लागतो. पैसे साठेपर्यंत जाड कापडाची पिशवी घरी शिवून तिच्यात राजमा किंवा तांदूळ भरावा; गाडीच्या दारावर, किल्ल्याच्या तटावर, देवळाच्या कठड्यावर ती उत्तम आधार देते, आणि प्रवासात रिकामी नेऊन मुक्कामी भरता येते.

फ्लॅश घेताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात. घरात पडून असलेला फिल्मच्या काळातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ चढवू नये. अशा काही फ्लॅशच्या टोकांवर शंभराहून जास्त व्होल्ट असतात आणि ते आजच्या कॅमेऱ्याला सोसत नाहीत. दुसरे असे की कॅननच्या २०० डी मार्क टू सारख्या बॉडीच्या हॉट-शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत, मधला संपर्कबिंदूच ठेवलेला नाही, त्यामुळे गोडॉक्स टीटी ६०० सारखे साधे मॅन्युअल फ्लॅश तिच्यावर उडत नाहीत. तिथे टीटीएल फ्लॅशच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापनावरून प्रकाश आपोआप ठरवणारा फ्लॅशच हवा. फ्लॅश कोणताही असो, त्याचे डोके छताकडे वळवता आले पाहिजे. पांढऱ्या छतावरून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो, एवढ्यासाठीच तो घ्यायचा. मेमरी कार्डे बनावट पुष्कळ असतात, म्हणून ती ओळखीच्या दुकानातून घेऊन एकदा काठोकाठ भरून तपासावीत.

आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दमट हवा. कोकण, मुंबई, गोवा येथे जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली फारशी उतरत नाही, आणि लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला तेवढे वातावरण पोषक असते. बुरशी एकदा आतल्या काचेवरचा लेप खाऊ लागली, की साफ करूनही तिचे व्रण राहतात. यावर उपाय अगदी किरकोळ खर्चाचा आहे: झाकणाला रबर असलेला मोठा हवाबंद डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झाले. फार कोरडेही करू नये. निळे सिलिका जेल ओल धरल्यावर गुलाबी होते, तेव्हा ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. तो ओव्हन स्वयंपाकाचा नसावा, कारण निळ्या रंगासाठी त्यात घातलेले कोबाल्टचे संयुग पोटात जाण्याजोगे नाही. नारिंगी जेल त्या मानाने बरे. चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात कपड्यांच्या घडीत कॅमेरा ठेवून चार महिने विसरणे हे बुरशीला निमंत्रण आहे.

बुरशीचा हाच विषय जुनी लेन्स विकत घेतानाही पहिला असतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडे लेन्स पाहायला जाताना मोबाइलची बॅटरी पुरे. ॲपर्चर उघडे ठेवून मागून प्रकाश पाडला आणि पुढून तिरके पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लगेच दिसतात. आत दोन-चार धुळीचे कण असले तर काही बिघडत नाही, फोटोत ते येत नाहीत. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढलेले असेल, तर ती पाती अडकतात, म्हणून एफ/११ वर लागोपाठ काही फोटो काढून सर्वांची उजळता सारखी आहे का, ते पाहावे. मग वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताठ चिकटवून, कॅमेरा त्याच्याशी अगदी समांतर धरून, ॲपर्चर पूर्ण उघडून फोटो घ्यावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून वाचावीत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू धूसर असेल, तर आतली काच सरकलेली आहे आणि अशी लेन्स कितीही कमी पैशांत मिळत असली तरी परत द्यावी. विक्रेत्याने ही तपासणी दुकानातच करू दिली नाही, तर निदान आठवडाभराच्या परतीची बोली बिलावर लिहून घ्यावी, आणि त्यालाही तो तयार नसेल तर शेजारच्या दुकानात जावे.